सहरीची पुकार आणि रात्रीचा भोंगा

रमजान आला की धाडसारख्या गावात दबक्या आवाजात एक विषय निघतोच. पहाटे सहरीसाठी भोंग्यावरून उठवावे का?

कायद्यात संदिग्धता नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सहरी संपते फजरच्या अजानआधी, म्हणजे सहाच्या आतच. राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकते, पण तीही रात्री १२ पर्यंत. पहाटेला ती लागू नाही. बंद सभागृहातल्या आवाजाला मात्र मनाई नाही. तरावीहची तिलावत मशिदीच्या आतल्या स्पीकरवर चालू शकते. बाहेरच्या भोंग्याची वायर तेवढी काढावी लागते.

आपल्याकडे काहींना यात धर्मावर घाला दिसतो. भोंगा नवा होता तेव्हा नमाजेत तो वापरायला अनेक उलेमांचाच विरोध होता, हे आता कुणाला आठवत नाही! २०२२ मध्ये भोंग्यांचे राजकारण पेटले, तेव्हा मुंबईतल्या अनेक मशिदींनी फजरची अजान भोंग्याविना द्यायचे ठरवले. त्यामुळे तिथे कुणाचा रोजा चुकला नाही. सहरीचा गजर आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. शेजारच्या घरात मात्र दहावी-बारावीचे मूल रात्री जागून नुकतेच झोपलेले असते.

हाच नियम लग्नाच्या वरातीतल्या डीजेला आहे, मिरवणुकीला आहे, उरुसालाही आहे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. डीजेच्या भिंतीपुढे तर मोजदादच नको. पण तक्रार कोण करणार? आठवडी बाजारात रोज ना उद्या तोंडे दिसायची. त्यात तक्रार करणारा एका धर्माचा आणि वाजवणारा दुसऱ्या धर्माचा असला, की आवाजाचे भांडण बाजूला राहते आणि वेगळेच सुरू होते.

म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचा २३ जानेवारी २०२५ चा निकाल मला मोलाचा वाटतो. याचिका कुर्ल्याच्या रहिवाशांची होती. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातले वाक्य गाजले. तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, हा आदेश मात्र मागे पडला. खेड्यापाड्याला खरी गरज त्याचीच आहे. ११२ वर आलेल्या फोननंतर 'नाव काय, गल्ली कोणती' हे प्रश्न थांबले, तर मशिदीबद्दलही फोन येतील आणि डीजेबद्दलही. आपल्या जमातीने बाहेरचा भोंगा आधीच उतरवलेला असेल, तर वरातीबद्दल फोन करताना आपल्यालाही संकोच वाटणार नाही.