उत्तर आलं, पण किती अंक खरे?

इंजिनिअरिंगला मॅट्रिक्सचा इन्व्हर्स हातानं काढून मार्क मिळवलेत ना? न्यूमरिकल लिनिअर अल्जेब्रात तो सहसा काढतच नाहीत. एलिमिनेशननं समीकरणं थेट सोडवतात. पण खरा धक्का पुढे आहे.

हिल्बर्ट मॅट्रिक्स घ्या. पहिली ओळ १, १/२, १/३...; दुसरी १/२ पासून सुरू. दिसायला किती गरीब! पण १०×१० चा कंडिशन नंबर सुमारे १.६ × १०^१३. संगणक साधारण १६ अंक धरतो, त्यातले १३ गेले तर भरवशाचे तीनच उरतात. नमपाय मात्र एररही न देता उत्तर छापतो.

कंडिशन नंबर ही संज्ञा ट्युरिंगच्या १९४८ च्या निबंधातली. हा विषय ऐच्छिक असेल, तर माझं मत: घ्याच. तोवर, सगळी उत्तरं १ यावीत अशी उजवी बाजू बनवून १२×१२ सोडवून बघा.