बिल नसलेला हुन्नर

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मूलहून चंद्रपूरला परतत होतो, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. चिचपल्ली यायची होती. दोन्हीकडे जंगल, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर. त्यात रानडुकरांचा कळप रस्त्यावर आला. पहिली दोन निघून गेली, तिसऱ्यावर गाडी आदळली. डुक्कर धडपडत उठलं आणि झाडीत शिरलं. आमचं बोनेट चेमटलं, बंपर फाटला, डावा हेडलाइट फुटला, रेडिएटरचं पाणी रस्त्यावर. गाडीत बायको आणि मुलगी होत्या. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, अल्हम्दुलिल्लाह.

(जनावर जागेवर मेलं तर वनखात्याला कळवावं. ते उचलून डिकीत टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि तेव्हा 'अपघातच होता' ही सबब चालत नाही.)

गाडी सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी टोचन लावून कंपनीच्या वर्कशॉपात नेली. तिथल्या मुलानं टॅबवर फोटो काढले आणि संध्याकाळी एस्टिमेट पाठवलं: बासष्ट हजार. बोनेट नवं, बंपर नवा, ग्रिल नवी, हेडलाइट नवा. पत्रा ठोकून सरळ होणार नाही का, विचारलं. "सर, आम्ही रिपेअर नाही करत, रिप्लेसच करतो." विमा आहे म्हणालो, तर त्यानं घसाऱ्याचा हिशेब मांडला.

हा हिशेब गाडीवाल्यांनी एकदा तरी समजून घ्यावा. साध्या पॉलिसीत रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के. काचेवर काही नाही. रंगाच्या सामानावर पुन्हा निम्मी. वर छोट्या गाडीला हजार रुपये सक्तीचे आपले. एवढं करून एक क्लेम घेतला की साठत साठत पन्नास टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस शून्यावर. माझ्या खिशातून सव्वीस हजार जाणार होते, शिवाय पार्ट नागपूरहून येईपर्यंत पंधरा दिवस गाडी उभी. आणि हे ज्याची पूर्ण पॉलिसी आहे त्याचं. १९८८चा मोटार वाहन कायदा सक्ती करतो ती फक्त थर्ड पार्टीची. त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, स्वतःच्या गाडीचं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या गाड्यांना बहुतेक तेवढंच असतं. कोणी पैशामुळे, कोणी विमा म्हणजे जुगार नि व्याज म्हणून.

गाडी पुन्हा टोचन लावून चाचांकडे नेली. नाक्यापलीकडे टिनाचं शेड, त्यात एक कॉम्प्रेसर, गॅसचं नळकांडं, हातोड्या. चाचा चाळीस वर्षं पत्रा ठोकतात. मला एकच संकोच होता. ग्रिलमध्ये डुकराचे राठ केस अडकले होते, बंपरच्या आत रक्त वाळलं होतं. मी चाचरतच सांगितलं. म्हटलं, आधी धुऊन आणू का? चाचांनी नळी उचलली. "पानी किस लिए है बेटा? यहाँ तो हर हफ्ते आता है." पाचोळा धुवावा तसं त्यांनी ते धुतलं, हात धुतले आणि बोनेट उतरवलं.

मग दोन दिवस मी जमेल तेव्हा जाऊन बसलो. पत्र्याच्या मागं लोखंडी डॉली धरायची आणि पुढून हलक्या हातानं हातोडी. पत्रा ताणला गेलेला असतो. जोरात मारलं की तो आणखी ताणतो आणि उमटतो तो फुगवटा पुट्टीनं झाकावा लागतो. चाचा डोळ्यांनी कमी, तळहातानं जास्त बघतात. हात फिरवतात, थांबतात, एक ठोका. फाटलेला बंपर आतून प्लॅस्टिक वितळवून सांधला. हेडलाइट मात्र नवा घ्यावा लागला. मग पुट्टी, वॉटर पेपर, प्रायमर, रंग. सहा दिवस, सगळे मिळून अठरा हजार.

चाचांच्या मर्यादाही आहेत. एअरबॅग उघडली असेल, चासी वाकली असेल, सेन्सर बिघडले असतील तर गाडी तिथं नेऊ नये. ते स्वतःच नेऊ देत नाहीत. पण गडचिरोलीसारख्या, तीन चतुर्थांश जंगल असलेल्या जिल्ह्यात, जिथं सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तिथं पोचा काढायला माणूस लांबच्या वर्कशॉपला जाणार नाही. सूरजागडच्या खनिजाचे ट्रक, चंद्रपूरचा कोळसा, रात्री रस्ता ओलांडणारी जनावरं, या सगळ्यांत या भागाच्या गाड्या चालू ठेवल्या आहेत त्या टिनाच्या शेडांनी.

निघताना मी बिल मागितलं. चाचा हसले. एका पाठकोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला.

इथं माझी तक्रार सुरू होते आणि ती आधी आपल्याच लोकांकडे आहे. घसारा नव्या पार्टवर कापला जातो, मजुरीवर नाही. चाचांच्या कामात पार्ट थोडा आणि मजुरी जास्त. सर्व्हेअरनं दुरुस्तीआधी गाडी पाहिली असती आणि छापील बिल असतं, तर अठरा हजारांतले बरेचसे मला परत मिळू शकले असते. कॅशलेस नाही, पण आधी भरून मागून परतावा घेता येतो. गाडी कुठं दुरुस्त करायची हे मालकानं ठरवायचं असतं. छोट्या गॅरेजला जीएसटीची नोंदणीही लागत नाही, वर्षाची सेवा वीस लाखांच्या आत असली की झालं. म्हणजे चाचा आणि विम्याचा पैसा यांच्या मध्ये उभं आहे ते दोनशे रुपयांचं बिलबुक. ते कोणी त्यांना छापून दिलं नाही, वापरायला शिकवलं नाही. सच्चर समितीनं २००६ साली सांगितलं की मुसलमान नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जास्त जगतो. त्यावर आपण किती भाषणं ऐकली! धंद्याला कागद मात्र कोणी मिळवून दिला नाही.

सरकारनं तरी काय केलं? १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा हुन्नर आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, चिलखत बनवणाराही आहे. गाडीचा पत्रा ठोकणारा नाही. चिलखताची दुरुस्ती चंद्रपुरात कोण करून घेतं ते मला माहीत नाही. चेमटलेली बोनेटं रोज दिसतात.

आणि तो रंग. आता गाड्यांना लावतात त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवार श्वासात गेली की दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की थोड्याशा वासानंही छाती भरते. तोंडाला बांधलेला रुमाल सोडाच, साधा धुळीचा मास्कही ते अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो. चाचांकडे चौकटीचा रुमाल आहे. रंग मारून झाला की ते बाहेर बाजेवर बसून खोकतात आणि 'धूल है' म्हणतात.

त्या शेडमध्ये परवापर्यंत एक बारा वर्षांचा पोरगा वॉटर पेपर घासत होता. उस्ताद-शागीर्दी आपल्याला गोड वाटते. आपल्या लिखाणात तिचं कौतुकही फार. पण बालमजुरी कायद्याच्या यादीत वाहनदुरुस्ती आहे, डेंटिंग-पेंटिंगसह, आणि तिथं घरचं गॅरेज आहे म्हणून सूट नाही. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते रागावले. मीही इसी उम्र में आया था, म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच तुम्हाला बिल लिहिता येत नाही. हे जरा जास्त झालं. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा पोरगा दिसला नाही. शाळेत गेलाय म्हणाले. खरं असावं.

आयटीआयच्या यादीत 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' असे वर्षभराचे ट्रेड आहेत. जो काम करतच आला आहे त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत २०१५पासून आहे. आमच्या भागातल्या किती मिस्त्रींना हे ठाऊक असेल? मी दहा जणांना विचारलं, एकानं ऐकलं होतं. त्याचा भाचा नागपुरात वर्कशॉपात लागला आहे, पगारावर, मास्क घालून. तिथं तो बोनेट ठोकत नाही, बदलतो.

चाचांचा नातू यंदा दहावीला आहे. निकालानंतर आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले की त्याला घेऊन बसायचं ठरवलंय. चाचा अजून हो म्हणालेले नाहीत. बिलबुक मात्र छापायला टाकलंय. गॅरेजला नाव काय लिहायचं, असं छापखान्यानं विचारलं तेव्हा कळलं की चाळीस वर्षांत त्या शेडला नावच नव्हतं.