टाटा ते बार्शी : संशोधनाचे ऋण आणि आपले कर्तव्य

एखाद्या घरात कर्करोगाची शंका आली की मराठी माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, ‘टाटाला दाखवले का?’ वसई परिसरातील आपल्या धर्मग्रामांतही हा प्रश्न इतका रुळला आहे की परळच्या त्या रुग्णालयाचे पूर्ण नाव घेण्याची गरज कोणालाच भासत नाही. तपासण्यांच्या कागदांची पिशवी सांभाळीत पहाटेच्या लोकलने निघालेला रुग्ण, सोबत घरचे एखादे माणूस आणि आधाराला एखादा शेजारी हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. मात्र त्या रुग्णालयात रुग्णसेवेबरोबरच संशोधन आणि शिक्षण ही आणखी दोन कामे त्याच जोमाने चालतात, याची जाणीव थोड्यांनाच असते. एवढी गर्दी असताना डॉक्टरांनी शोधनिबंध कशाला लिहावेत आणि शिकाऊ डॉक्टरांनी आपल्याला कशाला तपासावे, असा प्रश्न रांगेत ताटकळणाऱ्यांच्या मनात येतो. तो प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार येथे करावा असे आम्हांला वाटते.

लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा पुढच्याच वर्षी निवर्तले. दोराबजींच्या नावे असलेल्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९६२ मध्ये रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे आला आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र येऊन ‘टाटा मेमोरियल सेंटर’ ही संस्था आकारास आली. सेवा, संशोधन आणि शिक्षण या तिन्हींची जबाबदारी एकाच संस्थेने वाहावी, हे सूत्र तेव्हापासून कायम आहे. आज खारघर येथे या संस्थेचे संशोधन व शिक्षणाचे स्वतंत्र संकुलही आहे.

या एकत्रीकरणाचा रुग्णाला काय लाभ, हे एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. तंबाखू आणि सुपारीच्या सेवनामुळे आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आढळतात. रोग आरंभीच्या अवस्थेत असताना तोंडातील गाठ काढतेवेळीच मानेतील लसिका ग्रंथीही काढाव्यात, की तेथे रोग दिसेपर्यंत वाट पाहावी, याविषयी जगभरच्या शल्यविशारदांत अनेक दशके मतभेद होता. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून या प्रश्नाचा शिस्तबद्ध अभ्यास केला. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथी आरंभीच काढल्या, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. ज्यांच्याबाबत वाट पाहिली गेली, त्यांच्यात हे प्रमाण साडेसदुसष्ट टक्के होते. ज्या देशात हा रोग तुलनेने विरळ आहे, तेथे एवढा अभ्यास सहजासहजी होणे शक्य नव्हते. परळच्या रांगेत बसलेल्या माणसांनी दिलेले हे उत्तर आज जगभरच्या रुग्णांच्या उपयोगी पडत आहे.

तथापि, कर्करोगाची लढाई केवळ महानगरात जिंकता येत नाही. येथे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे स्मरण करणे अगत्याचे आहे. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उभारलेल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांच्या नोंदी पाहून रुग्ण मोजता येतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणांची विचारपूस करू लागले आणि संशयित व्यक्तींना तपासणीसाठी पाठवू लागले. कालांतराने असे दिसून आले की त्या गावांतील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तुलनेने आधीच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागल्या आहेत. मोजणीसाठी आखलेल्या कामातून सेवा आपोआप घडली आणि लोकशिक्षणही झाले.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर झाला. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात अल्प प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून दर दोन वर्षांनी तपासणी केली. त्यामुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर करण्यात आले. एक कापसाचा बोळा, थोडे आम्ल आणि प्रशिक्षित नजर एवढ्या सामग्रीत जीव वाचू शकतो, हे आपल्याच राज्यातील स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झाले.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी निवडलेल्या हजारो स्त्रियांना आरोग्यविषयक माहिती मिळाली, परंतु तपासणी मिळाली नाही. त्यांच्यापैकी काही या रोगाने दगावल्या. तपासणी उपयुक्त आहे हे अन्य देशांत माहीत असताना या गरीब स्त्रियांना त्यापासून दूर का ठेवले आणि त्यांची संमती पुरेशी समजून-उमजून घेतली होती काय, असे आक्षेप पुढे घेण्यात आले. त्या काळी देशातील सर्वसामान्य स्त्रीला तपासणी मिळतच नव्हती, असे अभ्यासकर्त्यांचे उत्तर होते. आमच्या मते हे उत्तर वस्तुस्थितीला धरून असले, तरी त्याने मनाचे समाधान होत नाही. मनुष्य हा कोणत्याही ज्ञानाचे केवळ साधन होऊ शकत नाही. ज्या संस्थेत उपचार करणारा आणि संशोधन करणारा एकच असतो, तेथे तर रुग्णाच्या संमतीला अधिकच जपावे लागते.

त्या स्त्रियांचे ऋण आपल्यावर आहे. ते फेडले गेले काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी २ टक्क्यांहूनही कमी स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी काळी झाली होती. उस्मानाबादच्या निष्कर्षानंतर दशक उलटून गेल्यावरची ही स्थिती आहे. ज्ञान आपल्या अंगणात पिकले, पण त्याचे धान्य आपल्या घरात आले नाही. सहभागी स्त्रियांवरील खरा अन्याय हाच होय.

यावर उपाय म्हणजे सेवा, संशोधन आणि शिक्षण यांची सांगड घालणारी केंद्रे लोकांच्या जवळ आणणे. २०२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले असावेत आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हा भार एकट्या परळने वाहावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयासारखी प्रादेशिक केंद्रे आपल्याकडे आहेत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातील रुग्णालये सहभागी झाली आहेत. वाराणसी आणि गुवाहाटी येथेही टाटा मेमोरियल सेंटरची रुग्णालये चालतात. मात्र इमारत आणि यंत्रे आली म्हणजे केंद्र झाले असे नाही. तेथे डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेविका शिकून तयार व्हाव्या लागतात, आणि त्या भागातील रोगाचे प्रश्न तेथेच विचारले जावे लागतात. बार्शीने हे एका तालुक्याच्या गावी करून दाखविले.

आपला समाज या कार्यापासून अलिप्त कधीच नव्हता. परळच्या रुग्णालयासमोरील मार्गाला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे आणि वांद्रे येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निवासात परगावच्या रुग्णांची सोय होते. वांद्र्यातच १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केले. बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी देशातील ती पहिली संस्था. धर्मभगिनी तेथे सेवा करीत आल्या आहेत. औषध थांबते तेथे सेवा थांबत नाही, हे या सदनाने शिकविले.

आता आपण आपल्या धर्मग्रामांकडे वळू. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या तपासणीचे शिबिर महिला मंडळांनी नियमितपणे भरविणे अवघड नाही. मुलींच्या पालकांना एचपीव्ही लसीविषयी डॉक्टरांकडून माहिती देता येईल. पुण्यात तयार झालेल्या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. तंबाखू आणि गुटख्याविषयी युवकांशी स्पष्ट बोलावे लागेल. रुग्णासोबत परळला जाण्यासाठी स्वयंसेवकांची एक यादी तयार ठेवता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लज्जेपोटी आजार लपविणाऱ्या आपल्या माताभगिनींना निर्भयपणे बोलता येईल असे वातावरण आपणच निर्माण केले पाहिजे.

उस्मानाबादच्या खेड्यातील ज्या स्त्रीने आरोग्यसेविकेला दार उघडले, तिचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या गावातील एका स्त्रीची तपासणी वेळेवर झाली, तर त्या अनाम भगिनीचे ऋण अंशतः तरी फिटेल, अशी आमची श्रद्धा आहे.