बाहेर पडायला सांगता, परत कधी यायचं?

बाजार पडला की नागपुरात एक सल्ला हमखास फिरू लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये 26,277 पर्यंत चढलेला निफ्टी पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये 22,000 च्या खाली गेला, तेव्हाही तो फिरला. वेकोलि, मॉयल, रेल्वे, आयुध निर्माणी अशा ठिकाणांहून निवृत्त झालेल्या माणसांपुढे तो आत्मविश्वासाने मांडला जातो. सांगणारे आलेख दाखवतात, मोठे शब्द वापरतात आणि ऐकणारे घाबरलेले असतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सावध माणसाने पडझडीत थांबू नये. समभाग विकावेत, पैसा सोन्यात किंवा रोख्यांत न्यावा आणि वातावरण निवळलं की परतावं. भांडवल वाचलं तर सगळं वाचलं. याला ते डावपेची विभागणी म्हणतात. माझ्या मते हा डाव अर्धाच आहे आणि उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी सांगणारा घेत नाही.

कारण या सल्ल्यात निर्णय दोन आहेत. विकण्याचा निर्णय भीती करून देते, त्यासाठी सल्लागार लागत नाही. खरा प्रश्न परतण्याचा आहे. ‘वातावरण निवळलं’ हे कोणत्या दिवशी समजायचं, याचं उत्तर मी हा सल्ला देणाऱ्या एकाही माणसाकडून ऐकलेलं नाही.

2008 पाहा. जानेवारीत सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता, ऑक्टोबरच्या अखेरीस तो 8,000 च्याही खाली जाऊन आला. त्या महिन्यात जे बाहेर पडले त्यांना पुढचे काही महिने आपण शहाणे ठरलो असं वाटलं असेल, कारण 9 मार्च 2009 ला निर्देशांक 8,160 वरच होता. मग बाजार चढू लागला. तेव्हा सांगण्यात आलं, ही तात्पुरती उसळी आहे, लोकसभेचा निकाल लागू द्या. निकाल लागला आणि 18 मे रोजी सेन्सेक्स एका दिवसात 2,110 अंकांनी, म्हणजे 17 टक्क्यांहून जास्त वाढला. व्यवहार सुरू होताच काही क्षणांत वरची मर्यादा लागली आणि बाजार थांबवावा लागला. ज्या निवळण्याची वाट पाहिली ते आलं, पण त्या दिवशी आत शिरायला दारच उघडं नव्हतं.

2020 मध्ये हेच अधिक वेगाने घडलं. 13 मार्चच्या सकाळी निफ्टीला 10 टक्क्यांची खालची मर्यादा लागली, व्यवहार पाऊण तास बंद राहिले आणि त्याच दिवशी सेन्सेक्स 1,300 हून जास्त अंकांनी वर बंद झाला. सकाळी घाबरून विकलेला माणूस संध्याकाळी काय करणार होता? 23 मार्चला सेन्सेक्स 3,935 अंकांनी कोसळला. 24 ला रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. याहून काळी बातमी कोणती? तरी 25 ला बाजार जवळपास 7 टक्के चढला आणि 7 एप्रिलला आणखी 2,476 अंक. रस्ते ओस होते, इस्पितळं भरत होती आणि बाजार वर जात होता. नोव्हेंबरमध्ये निफ्टीने जानेवारीतला उच्चांक ओलांडला, तेव्हा साथ संपलेली नव्हती आणि लसही आली नव्हती. बातम्या निवळण्याची वाट पाहणाऱ्याला बाजार आधीच्या भावात मिळत नाही. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगले दिवस एकमेकांना चिकटून येतात. पहिले टाळून दुसरे पकडण्याची खात्री जो देतो, तो सावध माणसाची फसवणूक करतो.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. विक्रीवर कर आहे : 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के, त्यानंतरच्या सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के. सोनंही पडतं : ऑगस्ट 2020 मध्ये 10 ग्रॅमला 56 हजारांवर गेलेलं सोनं सात महिन्यांत 45 हजारांच्या आसपास आलं. इतवारीतून दागिना घेतला तर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगळा. रोखेही निर्धोक नाहीत : एप्रिल 2020 मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने सहा रोखे योजना एकाच वेळी गुंडाळल्या आणि ‘सुरक्षित’ म्हणून ठेवलेला पैसा अडकला.

इथे एक जुना वाद पुन्हा निघतो : शेअर म्हणजे सट्टा, आपली बँकेतली ठेव बरी. ही मंडळी 2002 विसरली काय? आपल्या जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेने सरकारी रोख्यांसाठी दलालांना शंभर कोटींहून अधिक रक्कम दिली. रोखे आलेच नाहीत आणि न्यायालयाचा निकाल यायला डिसेंबर 2023 उजाडलं. सरकारी रोख्यांपेक्षा सुरक्षित साधन नाही, तरी पैसा गेला, कारण व्यवहार करणाऱ्यांवर लगाम नव्हता. ठेवीला विमा आहे, पण तो एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच. सुरक्षितता साधनाच्या नावात नसते, शिस्तीत असते.

मग करायचं काय? पहिलं, पुढच्या पाच वर्षांच्या घरखर्चाचा पैसा समभागांत ठेवूच नये. साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. दुसरं, उरलेल्या पैशाचं प्रमाण बाजार शांत असताना ठरवून कागदावर लिहावं आणि घरच्यांना दाखवावं. तिसरं, ते प्रमाण वर्षातून एकदा, किंवा पाच-सात टक्क्यांहून जास्त ढळलं की, पूर्ववत करावं.

हिशेब करून पाहा. 10 लाखांपैकी 3 लाख समभागांत आणि 7 लाख ठेवींत आहेत. 2020 सारखी 38 टक्क्यांची घसरण आली तर समभागांचे 1 लाख 86 हजार उरतात, पण एकूण रक्कम 8 लाख 86 हजार असते. म्हणजे नुकसान 38 नव्हे, साडेअकरा टक्क्यांच्या आत. सावध माणसाचं संरक्षण इथेच झालेलं असतं, पळण्याची गरज उरत नाही. आता प्रमाण 30 टक्क्यांवर आणण्यासाठी ठेवींतले 80 हजार समभागांत नेले आणि बाजार मूळ पातळीवर आला, तर व्याज न धरताही सुमारे 10 लाख 49 हजार होतात. तळाला विकून बसलेल्याचे 8 लाख 86 हजारच राहतात. ज्याला पडत्या बाजारात खरेदी झेपत नाही, त्याने नुसतं विकू नये, तरी त्याचे 10 लाख परत येतात.

पुढच्या पडझडीत कुणी बाहेर पडायला सांगितलं, तर त्याला परतीची अट लेखी मागा. ती देता आली नाही, तर तो सल्ला घेऊ नका.