संदेश उदंड, संपर्क कोठे?

नागपूरच्या प्रतापनगरसारख्या वस्तीत आज व्हॉट्सॲपच्या एकाही ग्रुपमध्ये नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. नातेवाइकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि कार्यकर्त्यांचाही ग्रुप. सकाळी शुभेच्छा, दुपारी निषेध, रात्री श्रद्धांजली. सारे अंगठ्याच्या एका हालचालीत उरकते. यालाच आपण लोकसंपर्क म्हणू लागलो आहोत. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

दोन माणसे एकमेकांना उत्तर देण्यास बांधली जातात, तेव्हा संपर्क घडतो. समोर बसलेल्या माणसाच्या प्रश्नाला सहजासहजी बगल देता येत नाही. फोनवर आवाज कापरा झाला तर तो ऐकू येतो. ग्रुपवर मात्र संमती, नाराजी आणि दुर्लक्ष या तिन्हींचे रूप एकच असते, ते म्हणजे मौन. म्हणूनच तेथे मतभेद मिटत नाहीत. माणसे तेवढी निघून जातात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. अफवा पुढे धाडण्यास एक बोट पुरते. तिची खातरजमा करण्यास कोणाशी तरी बोलावे लागते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. पण विवेकाची मर्यादा कोणतीही कंपनी घालू शकत नाही. २०१४ साली फेसबुकने ही सेवा सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतली. आपल्याला फुकट मिळणाऱ्या वस्तूचे एवढे मोल कशाचे, हे समाजवादी विचाराच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. आपले त्यात गुंतून राहणे हाच तेथला माल आहे.

नागपूरकरांनी २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट पाहिली आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट या भागांतील घरांत पाणी शिरले. अशा वेळी झोपलेल्या वृद्ध शेजाऱ्याला ग्रुपवरचा संदेश जागे करीत नाही. दारावरची थाप किंवा फोनची घंटाच जागे करते. आणि थाप कोणत्या दारावर आधी मारावयाची, हे त्या घरात पूर्वी जाऊन बसलेल्यालाच ठाऊक असते.

दूरदेशी मुले असलेले आईबाप, घराबाहेर पडणे ज्यांना अवघड आहे असे अपंग बंधुभगिनी, यांना या साधनाचा मोठा आधार आहे, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न साधन टाकून देण्याचा नाही, त्याला त्याच्या जागी ठेवण्याचा आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली तसे करून दाखविले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवावयाचे, मुलांनी अभ्यास करावयाचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावयाचे, असे गावाने ठरविले. हा निर्णयही ग्रामसभेत, समोरासमोर बसून झाला.

पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ रोजी उपोषणास बसले. त्याआधी कित्येक महिने ते गावोगाव हिंडून लोकांशी बोलत होते. उपोषणाला नैतिक बळ आले ते त्या हिंडण्यातून.

आपणही एक साधी शिस्त घालून घ्यावी. सभेची वेळ आणि जागा ग्रुपवर जरूर कळवावी. परंतु आजारपण, दुःख, भांडण आणि मतभेद यांसाठी प्रत्यक्ष जावे. जाणे शक्य नसेल तर फोन करावा. प्रत्येक कार्यकर्त्याने आठवड्यातून पाच घरी जावे, आणि तेही काही मागण्यासाठी नव्हे. ग्रुपमध्ये किती नावे आहेत हे मोबाइल सांगेल. किती घरांत आपली वाट पाहिली जाते, हे त्या घरी गेल्यावाचून कळणार नाही.