नेपथ्य आणि तिसरी घंटा

१९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभ्या राहिलेल्या आणि ऑगस्ट २०२४ च्या आगीत होरपळलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाने कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांना तिसऱ्या घंटेचा अर्थ शिकवला. नेपथ्यातील कामे आटोपली, आता पडदा वर जाणार, असा तो अलिखित करार. संगणकाच्या आज्ञावलीतही असे करार असतात, आणि ते अलिखित असतात हीच खरी मेख.

मायक्रोसॉफ्टच्या ‘एएसपी डॉट नेट कोअर’ या चौकटीवर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या पडद्यामागे काही सेवा अखंड राबत असतात : कोणी पत्रे धाडते, कोणी रांगेतील कामे उपसते. २.२ आवृत्तीपर्यंतच्या नेहमीच्या मांडणीत आधी वाचकासाठी दार उघडे, मग या सेवा सुरू होत. सप्टेंबर २०१९ च्या ३.० आवृत्तीने हा क्रम उलटवला. हेतू रास्तच होता. पूर्वतयारी झाल्यावाचून पाहुणा आत येऊ नये. परंतु सेवा एकामागून एक सुरू होतात, आणि जी सेवा न संपणाऱ्या फेऱ्यात शिरून नियंत्रण परतच देत नाही, तिच्यापाशी सारे अडते. सेवेच्या आज्ञावलीतील अक्षरही बदललेले नसते, चुकीचा संदेश उमटत नाही. दार मात्र उघडत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात लक्ष का घालावे? कारण हा प्रश्न अन्वयाचा आहे. ‘फक्त राम वाचतो’ आणि ‘राम फक्त वाचतो’ यांत शब्द तेच, अर्थ निराळे, हे आम्ही वर्गात शिकवतोच.

सारा दोष नव्या आवृत्तीच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. जुन्या क्रमावर विसंबणाऱ्यांनी तो क्रम आपली गरज म्हणून कोठेही नोंदवलेला नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डॉट नेट १० ने अशा पार्श्वसेवेचे मुख्य काम आरंभापासूनच वेगळे काढले आणि ही कोंडी पुष्कळशी फोडली. पण दार उघडण्याआधी त्याच कामातील पहिला भाग पुरा होईल, अशा भरवशावर जे होते, त्यांच्यासाठी हाही क्रमभंगच! एका गृहीतकावरचा उपाय दुसऱ्या गृहीतकाला छेद देतो.

निकालाच्या दिवशी बंद दारापाशी ताटकळणाऱ्या विद्यार्थ्याला आवृत्तीशी कर्तव्य नसते. त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने एवढे करावे : क्रमावर अर्थ अवलंबून असेल, तर तो क्रम शब्दांत लिहावा, रूढीवर सोडू नये.