सायकल पोचली, मेंटेनन्सचं काय?

मागच्या रविवारी दुपारी चिचगडला पोचलो. नागपूरहून, सायकलने! भंडारा, लाखनी, साकोलीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोहमारा, देवरी आणि तिथून हायवे सोडून उजवीकडे आत. दीडशेच्या वर किलोमीटर. आम्ही आठ जण होतो, आणि लहान मुलांच्या कॅन्सरसाठी निधी जमवत होतो. 'बाईक राईड' असं सांगून ठेवल्यामुळे मामाच्या गावात सगळे मोटरसायकलींची वाट बघत होते. घामाने थबथबलेले आम्ही सायकलींवरून उतरलो तर चौकातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "काहून बाबू, यष्टी बंद हाय का?" :)

मग हार, चहा, फोटो. एकदम भारी वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

गर्दी पांगल्यावर एक माणूस जवळ आला. त्याच्या मुलाला ब्लड कॅन्सर. उपचार नागपूरला चालू आहेत. आम्ही दोन दिवस मोठ्या कौतुकाने कापलेला रस्ता तो पोराला घेऊन कितीदा गेला-आला, याचा हिशोब त्यानेही ठेवलेला नाही. त्याला कोणी हार घातला नव्हता. म्हणाला, "रोवणीच्या दिवसात एक खेप चुकली साहेब. पोरगा आता चांगला दिसते, केसं बी आले. आता जाऊ का नाही जाऊ, असं वाटते."

माझ्याकडे उत्तर होतं: "जायलाच पाहिजे." पण ते सांगायला मला काय जातंय? मला सोमवारी पगारी नोकरीवर परत जायचं होतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. कोड लिहून झाला, रिलीज झाला, केक कापला, म्हणजे काम संपलं असं नसतं. खरं काम त्यानंतरच्या मेंटेनन्सचं, आणि त्याच्यासाठी बजेट मागायला गेलं की सगळे छताकडे बघतात. गंमत बघा, मुलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर म्हणजे ए.एल.एल., त्याच्या उपचारातल्या शेवटच्या लांबलचक टप्प्यालाही डॉक्टर मेंटेनन्सच म्हणतात. सगळा उपचार मिळून दोन ते तीन वर्षं. सुरुवातीचे महिने हॉस्पिटलचे, मग घरी गोळ्या आणि ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी. पोरगं खेळायला लागलेलं असतं. आणि नेमकं इथेच सोडून दिलं तर आजार उलटू शकतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना नि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. कारणांमध्ये उशिरा निदान आहे, औषधं न मिळणं आहे, आणि उपचार अर्धवट सोडणंही आहे. हे शेवटचं कारण हटवायला नवीन शोध लागत नाही. बसभाडं, दोन रात्रींची राहायची जागा, जेवण आणि बुडालेली मजुरी, एवढं लागतं.

सरकारी मदत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. पण चिचगडला रेल्वे कुठे आहे? आणि रोवणी सोडून गेलं तर मजुरी कोण देणार?

आपल्या विदर्भातल्या गाडगेबाबांना हे कधीच कळलं होतं. त्यांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. आजही मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत बाहेरगावचे कॅन्सर पेशंट राहतात. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत अशा मुलांना आई-बापासकट फुकट ठेवून घेते.

म्हणून माझं मत असं. राईड जरूर काढा, मी पुन्हा जाणार आहे. पण किलोमीटरमागे पैसे मागणं बंद करू. किलोमीटर माझे असतात, ते रविवारी संपतात. महिन्यामागे मागू. एका मुलाच्या नागपूरच्या खेपा, मेंटेनन्स संपेपर्यंत.

टेरी फॉक्स आठवतो? कॅन्सरने एक पाय गेलेला पोरगा. १९८० मध्ये कृत्रिम पायाने कॅनडा पार करायला निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि कॅन्सर फुप्फुसात पोचला म्हणून थांबला. १९८१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी गेला. त्याची फिनिश लाईन आलीच नाही. तरी लोक अजून दरवर्षी त्याच्या नावाने धावतात, पैसे जमतात. एकदा धावून विसरले असते तर?

असो. आमच्यातल्या पाच जणांनी बँकेत दरमहा ठराविक रक्कम जाईल अशी सोय केली आहे. उरलेले तिघे 'बघतो' म्हणालेत. चिचगडचा तो बाप पुढच्या तारखेला नागपूरला येतोय. त्याला स्टँडवर घ्यायला मी जाणार आहे. सायकलने नाही, रिक्षाने.